ऑर्डर यायच्या आधी

जपानला बदली झालेलं कुटुंब समोर येऊन बसलं की मी पहिला प्रश्न कुत्र्याचा विचारते. मुलं किती, सामान किती, घर भाड्याचं की स्वतःचं, हे सगळं नंतर. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं. "बदली माझी झालीय की कुत्र्याची?" असं एका पोरगेल्या खलाशानं मला हसत विचारलं होतं. मी त्याच्यापुढं कॅलेंडर सरकवलं.

जपानमध्ये रेबीज नाही, आणि तो शिरू नये म्हणून त्या देशानं नियम कडक ठेवलेत. आधी कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवायची. मग रेबीजची पहिली लस. किमान तीस दिवस गेल्यावर दुसरी. मग रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं आणि लस अंगी लागली आहे असा आकडा तिथून यावा लागतो. आकडा चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून १८० दिवस थांबायचं. पोचण्याच्या निदान चाळीस दिवस आधी तिथल्या प्राणी-विलगीकरण खात्याला कळवायचं. दिवस कमी भरले तर उरलेले विलगीकरणात काढायचे. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी सात महिने जातात, आणि अमेरिकी नौदलाची बदलीची ऑर्डर कित्येकदा तीन-चार महिने आधी हातात पडते. त्या पोराला ती फेब्रुवारीत मिळाली होती आणि जूनमध्ये त्यानं योकोसुकाला हजर व्हायचं होतं. कुत्र्याला चिपसुद्धा नव्हती. शेवटी कुत्रा ओहायोला त्याच्या आईकडे राहिला आणि हिवाळ्यात मागाहून गेला. २०२४ पासून परदेशी बदलीत एकाच प्राण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च परत मिळतो. पैशांची सोय झाली. दिवसांची कोण करणार?

मी व्हर्जिनियात, नॉरफोकला काम करते. जगातला सर्वांत मोठा नाविक तळ इथं आहे. परदेशी बदली झालेल्या घरांना तयार करून पाठवायचं, हे माझं काम. जपानमधलं योकोसुका आणि सासेबो, स्पेनमधलं रोटा, इटलीतली नेपल्स आणि सिगोनेला, बहारीन. सामान बांधायला दुसरी माणसं असतात. कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी लागतो, कुठल्या गोष्टीची घाई करायची आणि कुठली सोडून द्यायची, एवढंच मी सांगते. मे ते ऑगस्ट आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण शाळांना सुट्टी लागली की सगळ्यांना एकदमच हलायचं असतं.

पुण्यात समाजकार्य शिकले, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, नागरिकत्व मिळाल्यावर या कामाला अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, लष्करी घरांचा काही अनुभव? म्हटलं, मी तशाच घरात वाढलेय, फक्त लष्कर दुसरं.

आण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. गाव सातारा जिल्ह्यातलं. आमचं लहानपण बेळगाव, अंबाला, जामनगर असं गेलं. पत्र्याच्या काळ्या ट्रंका आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं आण्णांचा नंबर, हुद्दा, नाव. पीस स्टेशन मिळालं की आम्ही बरोबर, फील्ड मिळालं की आम्ही गावी, आजीजवळ. शांतिसेनेतून ते श्रीलंकेला गेले तेव्हा तर कुटुंबाचा प्रश्नच नव्हता. परदेशी पोस्टिंग म्हणून गावात कौतुक झालं आणि आई पत्रांची वाट बघत बसली. एवढ्या वर्षांत आईला कुणी काही विचारलं नाही. माझा कान सतत फुटायचा, धाकट्याला दमा होता, अंबाल्याच्या थंडीत त्याचं काय होईल हे विचारायला कुठला फॉर्म नव्हता. तिनं स्वतःपुरती एक सोय केली होती. एक ट्रंक कायम अर्धी भरलेली असायची. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, लसींचे कागद, स्टोव्ह, दोन चादरी. शेजारच्या बायका हसायच्या, कारण ऑर्डरचा पत्ताही नसायचा. आई म्हणायची, ऑर्डर आल्यावर भरायला घेतलं की निम्मं राहतंच.

इथं उलट आहे. इथं कुटुंबाला विचारतात, आणि पोटात शिरून विचारतात. ऑर्डर एकाच्या नावानं निघते, पण जोडीदाराला आणि मुलांना सरकारी खर्चानं बरोबर न्यायचं तर घरातल्या प्रत्येकाची ओव्हरसीज स्क्रीनिंग व्हावी लागते, आणि ती महिन्याभरात उरकायची असते. आजवरचे आजार, चालू औषधं, दात, मानसोपचार, गरोदरपण, मुलांचं शाळेतलं, डोक्यावरचं कर्ज, घरातली भांडणं. कारण साधं आहे. योकोसुकाला नौदलाचं रुग्णालय आहे, पण प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ तिथं बसलेला नसतो. लहान तळांवर तर दवाखान्याएवढीच सोय. तळावरच्या शाळा अमेरिकी संरक्षण खातंच चालवतं, पण प्रत्येक शाळेत प्रत्येक प्रकारचा विशेष शिक्षक असतोच असं नाही. ज्या मुलाला आठवड्यातून तीनदा थेरपी लागते त्याला ती मिळणार नसेल, तर त्याला तिथं नेऊन काय उपयोग? अशा घरांसाठी वेगळी नोंदणी आहे, ती सक्तीची आहे, आणि तिच्यात वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला कुठंही जाता येतं. तिसऱ्या वर्गाला परदेश नाही.

आणि इथंच माणसं खोटं बोलायला लागतात.

खोटं हा शब्द थोडा जड झाला. लिहायचं टाळतात. तपासणी रुग्णालयात होते, माझ्याकडे नव्हे. म्हणूनच ते मला येऊन विचारतात. दार लोटून घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "हे लिहायलाच हवं का?" पेटी ऑफिसर हुद्द्याच्या एका खलाशाचा चार वर्षांचा मुलगा बोलायला उशीर करत होता. दोन शब्द जोडून बोलायचा, तिसरा यायचा नाही. बायकोनं दुसऱ्या गावी दाखवलं होतं, तिथं भाषेच्या थेरपीचा सल्ला मिळाला होता, पण इथल्या नौदलाच्या नोंदीत अजून काहीच नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, नोंद झाली तर मला एकट्याला पाठवतील. हिशेब त्यानं पाठ केला होता: सहकुटुंब गेलं तर तीन वर्षं, एकट्यानं गेलं तर दोन. बायको म्हणाली, एकटीनं दोन वर्षं या पोराला घेऊन मी इथं राहायचं? मुलगा खाली बसून माझ्या स्टेपलरशी खेळत होता.

अशा वेळी मी त्यांना उपदेश करत नाही. मी त्यांना, नाव न घेता, एका दुसऱ्या घराची हकिगत सांगते. त्यांनी लिहिलं नव्हतं. तिथं पोचल्यावर दोन महिन्यांत शाळेनं ओळखलं, रुग्णालयानं सांगितलं की इथं सोय नाही, आणि आईला मुलांसकट परत पाठवायचं ठरलं. त्याच आठवड्यात त्यांच्या सामानाचं जहाज बंदराला लागलं होतं. पेट्या न फोडताच परतीच्या वाटेला लागल्या. नवरा तिथंच राहिला. म्हणजे ज्या ताटातुटीच्या भीतीनं लपवलं तीच ताटातूट झाली, आणि वर थेरपीचं अर्धं वर्ष गेलं.

त्या पेटी ऑफिसरनं लिहिलं. आता या गोष्टीचा शेवट गोड असता तर मला सांगायला बरं वाटलं असतं. उत्तर आलं की ज्या लहान तळावर त्याला जायचं होतं तिथं सोय नाही. ऑर्डर रद्द झाली आणि त्याला फ्लोरिडात पाठवलं. जपानची पोस्टिंग त्याला बढतीसाठी हवी होती. जाण्याआधी तो माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं." आभार नव्हते ते. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. त्याचा राग मला रास्त वाटला, आणि तरी पुढच्या माणसालाही मी तेच सांगणार हेही मला माहीत होतं.

लपवण्यामागं लबाडी कमी आणि घाई जास्त असते, असं माझं मत झालंय. मुलाची नीट पाहणी व्हायला तज्ज्ञाची वेळच तीन महिन्यांनी मिळते. फॉर्म महिन्याभरात मागतात. मग हातात पक्कं काही नसताना कोण आपण होऊन लिहील? हीच पाहणी ऑर्डरच्या सहा महिने आधी झाली असती, तर कित्येकांना सोय असलेला मोठा तळ मागून घेता आला असता. तसं करणारी घरं मी पाहिली आहेत. ती मुलं आज योकोसुकाच्या शाळेत आहेत.

औषधांचंही तसंच. अमेरिकेत अडरॉल हे औषध घरोघरी दिसतं, मुलांच्या चंचलपणासाठी आणि मोठ्यांसाठीही. जपानच्या कायद्यात ते साफ बंद आहे. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी बरोबर नेता येत नाही, आणि आईनं प्रेमानं पार्सलनं पाठवलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. सर्दीवरच्या काही साध्या गोळ्यांवर आणि अमेरिकेत मिळणाऱ्या व्हिक्सच्या नाकात ओढायच्या नळीवरही बंदी आहे. जाणाऱ्या घरांसाठी मी तास घेते, तिथं हे सांगितलं की सगळे हसतात. मग कुणीतरी हात वर करून म्हणतं, माझी मुलगी तीन वर्षं अडरॉलवर आहे. मग हसू थांबतं. दुसरी औषधं असतात, त्यांतली काही जपानला परवानगी काढून नेता येतात. पण औषध बदललं की झोप बदलते, भूक बदलते, शाळेतून चिठ्ठ्या यायला लागतात. मात्रा बसायला दोन-तीन महिने लागू शकतात. ते महिने नॉरफोकच्या ओळखीच्या डॉक्टरजवळ गेलेले बरे, की हॉटेलच्या खोलीत, नव्या देशात?

सामानाविषयी लोकांना सर्वांत जास्त बोलायचं असतं आणि मला सर्वांत कमी. वजनाची मर्यादा हुद्द्यावर ठरते. संसार असलेल्या ई-५ हुद्द्याच्या खलाशाला ९,००० पौंड, म्हणजे चार टनांहून थोडं जास्त. त्याचे तीन वाटे करायचे. थोडं तातडीचं सामान आधी जातं: भांडी, अंथरूण, मुलांची खेळणी. मोठं समुद्रानं, दोन-तीन महिन्यांनी पोचणारं. आणि जे तिथं नकोच ते इथंच सरकारी गोदामात. मोटार जपानला नेऊ नका, गाड्या तिथंच स्वस्तात मिळतात आणि तिथं डावीकडून चालवायचं असतं. मोठा पलंग जपानी घराच्या जिन्यातून वर जात नाही. वीज १०० व्होल्टची, त्यात टोकियो-योकोसुकाच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पूर्वेकडच्यांनी यंत्रं जर्मनीची घेतली आणि पश्चिमेकडच्यांनी अमेरिकेची, ती दुफळी अजून मिटलेली नाही. विजेच्या तालावर चालणारं अमेरिकी घड्याळ योकोसुकात तासाला दहा मिनिटं मागं पडतं. पासपोर्ट, ऑर्डरच्या प्रती, लग्नाचे आणि जन्माचे दाखले एका पिशवीत घालून मोटारीत कुलूपबंद ठेवा, कारण बांधणारी माणसं समोर दिसेल ते बांधतात. भरलेली कचऱ्याची टोपली कचऱ्यासकट जपानला गेल्याची गोष्ट प्रत्येक तळावर ऐकू येते, आणि मला ती खरी वाटते.

मुखत्यारपत्र मात्र विसरू देत नाही. योकोसुका हे अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं ठाणं. तिथली जहाजं वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर असतात, आणि नवरा पोचल्यावर चार दिवसांत जहाजावर गेला असं सर्रास होतं. मग घराच्या भाडेकरारावर सही कोण करणार? सामान ताब्यात कोण घेणार? बायकोजवळ कागद नसेल तर ती दोन पोरांना घेऊन तात्पुरत्या खोलीत बसून राहते.

मागच्या वर्षी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे लग्न होऊन दीड-दोन वर्षं झालेली. माझ्या पाटीवरचं आडनाव वाचून दारातूनच म्हणाली, "ताई, मराठी ना?" नाशिककडची. नवरा अमेरिकेचा नागरिक, नौदलात तंत्रज्ञ. तिच्याकडे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट. इतर बायकांना सरकारी कामासाठीचा बिनशुल्क पासपोर्ट काढायला सांगतात, तो तिला मिळणार नव्हता, कारण तो फक्त नागरिकांना. यादीतल्या पहिल्याच ओळीला अडल्यामुळं ती घाबरली होती.

तिला वाट होती. नागरिक जोडीदार सरकारी कामावर परदेशी जात असेल तर अमेरिकेच्या कायद्यातल्या ३१९ व्या कलमाखाली नागरिकत्वाचा अर्ज लवकर करता येतो, एरवीची तीन वर्षं थांबावं लागत नाही. कागदोपत्री ही सवलतच आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इकडची शपथ घेतली की तिकडचा पासपोर्ट जमा करायचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढायचं. मी पंधरा वर्षं विचार करून घेतलेला निर्णय तिला एका उन्हाळ्यात घ्यायचा होता, तेही जपानच्या बदलीपायी. "आईबाबांना फोनवर कसं सांगू?" म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ताई, मिक्सर चालेल का तिथं?"

मिक्सरचं उत्तर सोपं होतं. इकडचा ११० व्होल्टचा असेल तर चालेल, जरा दमानं. आईबाबांना सांगायच्या आधी दोघांनी मिळून ठरवा, असं मी म्हटलं. आणि भारतीय पासपोर्टवरही नवऱ्याबरोबर जाता येतं, त्याचे कागद वेगळे, थोडे जास्त आणि वेळखाऊ, एवढाच फरक. तिनं तो दुसरा रस्ता धरला. माझ्या सहकाऱ्यांना ते नवल वाटलं. मला वाटलं नाही.

ती फार्मसी शिकलेली होती. हे तिनं उठता उठता सांगितलं, कारण मी विचारलं म्हणून. आमच्या यादीत कुत्र्याच्या लसीपासून मोटारीच्या किल्लीपर्यंत सगळं आहे, पण जोडीदाराच्या कामाचं काय, यावर एक ओळ आणि एक फोन नंबर. एक विनोदी तरतूद मात्र आहे. जोडीदाराच्या व्यवसायाचं सामान ५०० पौंडांपर्यंत मुख्य वजनात धरत नाहीत. पुस्तकं न्या, हत्यारं न्या. व्यवसाय तेवढा नेता येत नाही. नर्स, शिक्षिका, केस कापणाऱ्या, हिशेबनीस. तळावर जागा मोजक्या आणि प्रत्येक जागेला रांग. तीन वर्षांचं भोक पडलेला अर्ज घेऊन त्या परत येतात तेव्हा त्यांना पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. यावर माझ्याजवळ तोडगा नाही. मी फक्त जाण्याआधी परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख बघायला लावते आणि घरबसल्या करता येईल असा एखादा अभ्यासक्रम आहे का ते बघायला सांगते. तिनं नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून घेतली.

सगळ्यांत शेवटी मी एक फाइल बनवायला सांगते, आणि ती बनवताना लोकांचे चेहरे उतरतात. तळ रिकामा करायची वेळ आली तर बायकामुलांना बाहेर काढायची तयारी म्हणून ती असते. प्रत्येक घरानं पोचल्यावर ती भरून तयार ठेवायची: पासपोर्टच्या प्रती, औषधांची यादी, मुलांना कुणाच्या ताब्यात द्यायचं, प्राण्यांचे कागद, थोडी रोकड. अजून पोचलो नाही तोच पळायची तयारी, असं एक जण वैतागून म्हणाला होता. पण मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप झाला, लाट आली, फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली, आणि काही दिवसांत कुटुंबांना स्वेच्छेनं निघायची मुभा मिळाली. हजारो बायका-मुलं विमानांतून निघाली. फाइल तयार असलेल्यांना सामान भरायला रात्र पुरली.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा एक आजी स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांचा नवरा नौदलात चीफ होता, आता हयात नाही. जून १९९१ मध्ये त्या फिलिपाइन्समध्ये सुबिक बेच्या तळावर होत्या. पिनाटुबो ज्वालामुखी फुटायच्या आधी शेजारच्या क्लार्क तळावरची सुमारे १५,००० माणसं सुबिकला आली, या आजींच्या दोन खोल्यांच्या घरात तीन अनोळखी कुटुंबं राहिली, आणि मग डोंगर फुटला, त्यातच वादळ आलं, भर दुपारी अंधार झाला, ओल्या राखेच्या वजनानं छपरं बसली. कुटुंबांना युद्धनौकांवरून सेबूला नेलं आणि तिथून विमानानं घरी. त्यांनी बरोबर काय घेतलं असं वर्गात कुणी विचारलं की त्या म्हणतात, दुधाची पावडर, मुलांचे बूट आणि कपाटावरची फाइल; लग्नाचे फोटो राहिले. पुढचा प्रश्न यायच्या आत त्या कोऱ्या फाइली वाटायला सुरुवात करतात. माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या या पाच मिनिटांनी जास्त फाइली भरल्या जातात, हे मी मान्य केलंय.

गेल्या हिवाळ्यात मी वरिष्ठांकडे एक मागणी केली. ज्यांना अजून ऑर्डर मिळालेली नाही, पण वर्षभरात मिळू शकते, त्यांच्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ. वरिष्ठ म्हणाल्या, ऑर्डर नसलेल्या माणसावर खर्च कुठल्या खात्यात टाकू? म्हटलं, खर्च एका खोलीचा आणि माझ्या दोन तासांचा आहे, बाकी मी कॉफी घरून आणते. परवानगी मिळाली. खलाशी फारसे येत नाहीत. त्यांच्यात एक समजूत आहे की आधी तयारी केली की ऑर्डर बदलते. जपानचे कपडे घेतले की बहारीन निघतं. बायका येतात. काही नवरे येतात, ज्यांच्या बायका नौदलात आहेत, आणि ते सगळ्यांत नीट लिहून घेतात.

त्या संध्याकाळी मी देशांची नावं घेत नाही. तीनच गोष्टी करायला लावते. मुलाबद्दल मनात शंका असेल तर तज्ज्ञाची वेळ आजच मागा. चालू औषधांची नावं कागदावर लिहा, गोळीच्या आतल्या घटकांसकट. आणि कुत्र्यामांजराला चिप बसवून पहिली लस द्या, कुठं जाणार ते नंतर बघू. मागच्या खेपेला एक बाई उशिरापर्यंत थांबल्या. मुलगा सात वर्षांचा, वाचताना अक्षरं उलटी बघतो, शाळेनं पाहणी सुचवली आहे, नवरा म्हणतो बदली होईपर्यंत थांबू. नवऱ्याची ऑर्डर कदाचित वसंतात, कदाचित नाही. मी शाळेला द्यायचं विनंतीपत्र तिथंच त्यांच्याबरोबर लिहिलं. तारीख घालताना त्या म्हणाल्या, त्याला विचारून मग देते. मी म्हटलं, विचारा, पण प्रत माझ्याकडे राहू दे. आज सकाळी त्यांचा फोन होता: शाळेनं नोव्हेंबरची वेळ दिली आहे आणि नवरा अजून बोलत नाही.